आधी बाग, मग संग्रहालय

"रविवारी म्युझियमला जाऊ या का?" असं आपल्या होस्टेलमध्ये कुणाला विचारून बघा. पहिला प्रश्न येतो, "काय आहे तिथं?" आणि दुसरा लगेच, "कँटीन आहे का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण उत्साहाने देतो, दुसरा हसण्यावारी नेतो. माझ्या मते मित्रांनो, दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे! विचारणाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की तिथं निवांत बसता येतं का. की आपलं रांगेत चालायचं, काचेला हात लावू नका हे ऐकायचं आणि पंचवीस मिनिटांत बाहेर पडायचं?

मी हिंगणीचा. सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. बोर अभयारण्य १९७० पासूनचं, पण २०१४ साली त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि आमच्या रस्त्याने नागपूरच्या गाड्या धावायला लागल्या. गाड्यांतली माणसं हिंगणीत चहा पितात आणि पुढे वाघ बघायला जातात. आम्ही गाववाले मात्र सफारीला फारसे जात नाही. जिप्सीचं भाडं, गाईडची फी, प्रवेश शुल्क असा हिशेब लावला की घरच्या सात माणसांची सहल शेतातल्या एका फवारणीच्या खर्चावर जाते. आमची सहल म्हणजे वर्धा. तीही कामासोबतच. कुणाचा दवाखाना असतो, कुणाचं तहसीलचं काम, कुणाचा लग्नाचा बस्ता. काम अकरा वाजता आटोपतं आणि परतीची सोयीची एसटी असते दुपारनंतर. मधले तीन-चार तास एक म्हातारी, दोन बायका आणि तीन पोरं कुठे बसणार? बसस्टँडवर. दुसरं उत्तर आमच्याकडे नसतं.

आता याचा म्युझियमशी काय संबंध? सांगतो.

वर्ध्यात मगनवाडी आहे. आपल्यापैकी बरेच जण तिथल्या 'एमगिरी'त, म्हणजे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत, प्रोजेक्टच्या निमित्ताने चकरा मारतात. त्याच मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. पण नाव नीट वाचा. वाडी! वाडी म्हणजे झाडांची जागा. ही मुळात जमनालाल बजाजांची बाग आणि बागेतला बंगला. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा जमनालालजींनी ही बाग संघाला देऊन टाकली. गांधीजींचे पुतण्याच्या नात्यातले सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते. आफ्रिकेत आपल्या लढ्याला नाव शोधताना 'सदाग्रह' हा शब्द सुचवणारे ते हेच मगनलाल, ज्यावरून पुढे 'सत्याग्रह' झाला. त्यांच्या आठवणीत बागेचं नाव मगनवाडी पडलं. १९३५ साली गांधीजी स्वतः इथं राहायला आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर इथूनच शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले.

जे. सी. कुमारप्पा या संघाचे सूत्रधार. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस इथं येऊन चुली, घाण्या आणि हातकागदाच्या मागे लागला. घासलेटऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' इथलाच, 'मगन चूल' इथलीच. आपण फायनल इयरला 'सुधारित चूल' म्हणून जो प्रोजेक्ट सीनियर्सच्या फाइलवरून उतरवून काढतो, त्याचे पणजोबा मगनवाडीत सापडतील. (व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं तर सांगायला बरं!) या सगळ्याचं संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलं. म्हणजे क्रम लक्षात घ्या. बाग होती, बागेत काम सुरू झालं, कामाची अवजारं जमली आणि मग संग्रहालय झालं.

बाग देणाऱ्या माणसाबद्दल एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. जमनालालजींनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं केलं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. आज मंदिराला कुणी अडवत नाही म्हणून आपल्याला वाटतं की दारं उघडण्याचा जमाना संपला. पण दार उघडं असूनही माणूस आत जात नाही, असंही होतं. हे मी माझ्या आजीकडून शिकलो.

आजीला सेवाग्रामला दवाखान्यात दाखवलं होतं. परतताना वेळ होता म्हणून मी सगळ्यांना मगनवाडीत नेलं. फाटकातून आत आली, झाडं पाहिली, आणि एका झाडाखाली बसून म्हणाली, "तुमी जा बाप्पा आत. मले काय समजते त्यातलं? अन् अशा जागी आपल्याले येऊ देतेत का?" मी म्हटलं, येऊ देतात. तरी ती उठली नाही. मग आम्हीच तिच्याजवळ बसलो. पाणी प्यायलो, पोरं पळापळ करायला लागली. अर्ध्या तासाने तीच म्हणाली, "चाल बरं, पाहू काय ठेवलं हाय त." आत चरख्यांच्या दालनात गेली आणि तिथून हलायलाच तयार नाही! तिच्या आईच्या घरी चरखा होता. पेळू कसा धरायचा, सूत का तुटतं, तुटलं तर कसं जोडायचं, हे तिने माझ्या लहान भावाला बोटांनी हवेत करून दाखवलं. मला मेकॅनिकलच्या दोन वर्षांत 'टेन्शन' हा शब्द ज्याने समजावून दिला नाही तो तिने पाच मिनिटांत समजावून दिला.

झाडाखालचा तो अर्धा तास नसता तर ती आत गेलीच नसती. आमच्याकडे घराला सपरी असते. पाहुणा एकदम माजघरात येत नाही, आधी सपरीत टेकतो, पाणी पितो, घरचं माणूस कोण आहे ते बघतो आणि मग आत येतो. संग्रहालयाची बाग म्हणजे त्याची सपरी. शहरातल्या शिकलेल्या माणसाला तिची गरज कमी वाटत असेल, त्याला अशा इमारतींची सवय असते. पण जो माणूस सरकारी किंवा मोठ्या इमारतीत फक्त अर्ज घेऊन गेलेला आहे, त्याला आपण इथं नुसतं 'बघायला' आलो आहोत हे पटायला थोडा वेळ लागतो. तो वेळ घालवायची जागा म्हणजे बाग.

मुंबईची राणीची बाग घ्या. आपल्यापैकी मुंबईला इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलेल्यांनी ती बाहेरून तरी पाहिली असेल. ती बाग खुली झाली १८६२ साली. तिच्या आवारातलं संग्रहालय, आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, उघडलं १८७२ साली. तिथंही आधी बाग, दहा वर्षांनी संग्रहालय. प्राणी तर आणखी नंतर, १८९० मध्ये आले. पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावातली कुटुंबं सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन राणीच्या बागेत गेली आणि जाता जाता शेजारच्या संग्रहालयातही डोकावली. संग्रहालयाची एक मोठी वस्तू तर बाहेरच उभी आहे. घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांना तो उचलून विलायतेला न्यायचा होता, पण उचलताना तो फुटला. तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. काचेत ठेवला असता तर किती पोरांनी पाहिला असता?

हे संग्रहालय मधल्या काळात फार खराब झालं होतं. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून दुरुस्तीचा करार केला. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. वर्ध्याच्या बजाजांचं नाव मुंबईच्या एका बागेतल्या संग्रहालयाशी असं जोडलं गेलेलं वाचून मला उगीचच बरं वाटलं.

पण त्याच बागेत २०१७ साली काय झालं तेही सांगितलं पाहिजे. पेंग्विन लोकांना बघायला खुले झाले, आणि मोठ्या माणसाचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. आईवडील आणि दोन मुलं यांच्यासाठी १०० रुपयांचं तिकीट ठेवलं. महापालिकेची बाजू मला कळते. पेंग्विनला गारवा लागतो, गारव्याला वीज लागते, विजेला पैसे लागतात. थर्मल घेतलेल्या कुणालाही हे समजेल. माझा मुद्दा वेगळा आहे. कुटुंब म्हणजे दोन अधिक दोन, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे आजी असते, आत्या असते, आत्याची पोरगी असते. बागेला तिकीट लागलं की घरात पहिला निकाल म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत लागतो, "तू बस बाहेर, आमी येतो पाहून." जिच्यासाठी चरखा ठेवला आहे तीच फाटकाबाहेर!

तिकीट घ्या, जरूर घ्या, पण दालनाच्या दाराशी घ्या. सावलीला तिकीट नको.

दुसरा प्रकार तिकिटापेक्षा वाईट, तो म्हणजे 'सुशोभीकरण'. हा शब्द ऐकला की मला धडकी भरते. एका संग्रहालयात (नाव घेत नाही) आम्ही घरून आणलेली पोळी-भाजी खायला हिरवळीच्या कडेला बसलो, तर वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला. लॉनवर बसायचं नाही, कठड्यावर बसायचं नाही, डबा उघडायचा नाही. मग बसायचं कुठे? सिमेंटच्या बाकावर. बाक चांगले चार होते. चारही उन्हात. कारण लॉनवर झाडं लावली की सावलीने गवत मरतं! माणसांसाठी बाग केली, बागेसाठी गवत लावलं, आणि गवतासाठी माणसं हाकलली.

आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा या लॉनचा थोडा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, हिरवं राहायला गवताला रोज समजा ७ मिलीमीटर पाणी लागतं असं धरा. १००० चौरस मीटर लॉन, म्हणजे फार मोठं नाही, आपल्या होस्टेलपुढचं मैदान याहून मोठं आहे. रोज ७००० लिटर. पाच हजारी टँकर जवळजवळ दीड. एप्रिल आणि मे या ६१ दिवसांत ४ लाख २७ हजार लिटर. आणि एवढं पाणी पिऊन ते लॉन दुपारी बारा वाजता किती माणसांना सावली देतं? शून्य.

आता एक वाढलेला कडुनिंब घ्या. डहाळ्यांचा घेर मध्यापासून पाच मीटर धरला तर खाली साधारण ७८ चौरस मीटर सावली होते. एका कुटुंबाची सतरंजी दोन बाय तीन मीटरची. जायला-यायला निम्मी जागा सोडली तरी सहा कुटुंबं आरामात बसतात. आणि मेच्या अखेरीस सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावरून जातो, तेव्हा भिंतीची सावली भिंतीच्या बुडातच संपते. त्या वेळी कामाला येतं ते फक्त झाड. वर्ध्याच्या माणसाला हे गणित न करताच माहीत आहे. २०२० मध्ये सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडं तुटायला लागली तेव्हा लोक उगीच नव्हते आडवे आले.

अडचण एवढीच की झाडाला वेळ लागतो. इमारत दोन वर्षांत उभी राहते, त्या सावलीचा कडुनिंब व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे निधी आला की आधी इमारत, मग कंपाउंड, मग स्वागत कमान, आणि शेवटी उरलेल्या पैशात चार शोभेचे ताड आणि एक कारंजं. कारंजं उद्‌घाटनाच्या दिवशी चालतं. मोटर जळली की त्यात कचरा साठतो. याउलट, जागा ताब्यात आली त्या पावसाळ्यातच झाडं लावली तर उद्‌घाटनाच्या दिवशी निदान फीत कापणाऱ्यांच्या डोक्यावर तरी पानं असतील.

माझा रूम पार्टनर सिव्हिलचा आहे. त्याचं म्हणणं, "लोकांना डबा खाऊ दिला की कचरा होतो, संग्रहालयवाल्यांनी काय काय बघायचं?" हे खरं आहे. आपल्या होस्टेलच्या मागच्या आंब्याखाली सोमवारी सकाळी कोणकोणत्या हॉटेलच्या पिशव्या पडलेल्या असतात ते वॉर्डन सरांना विचारा! पण मी हेही पाहिलंय की जिथं पाण्याचा नळ आणि हाताच्या अंतरावर डबा आहे तिथं खेड्यातली बाई पोराचं तोंड धुऊन, कागद गोळा करून, जागा झाडून उठते. शेतात जेवणारी माणसं आहेत ती, बसली त्या बांधावर घाण ठेवून उठायची त्यांना सवय नसते. नळ आणि कचऱ्याचे डबे यांचा खर्च कारंज्याच्या मोटरपेक्षा कमी येतो. माळ्याचा पगार मात्र लागतो, आणि तो दर महिन्याला लागतो. इथं काटकसर चालत नाही. संग्रहालयाच्या अंदाजपत्रकात क्युरेटरच्या खालोखाल माळ्याचं नाव असावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बागेत खेळणी असावीत का? असावीत, झोका तरी हवाच. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात (१९९२ चं आहे ते) आतल्या दालनांइतकीच गर्दी बाहेरच्या विज्ञान बागेत आणि प्राचीन प्राण्यांच्या पुतळ्यांपाशी असते, कारण तिथं पोरं ओरडली तरी चालतं. आई एका जागी बसते, पोरगं फिरून येतं, पुन्हा जातं. कुटुंब असंच संग्रहालय बघतं, तुकड्यातुकड्याने.

पण आपल्या वर्ध्याच्या बागेत मला झोक्याशिवाय आणखी काही दिसतं. मगन संग्रहालयात खादी आहे, नैसर्गिक रंगांचं काम आहे. मग त्या रंगांची झाडंच रांगेने का असू नयेत? पळस, शेंद्री, डाळिंब, हिरडा, नीळ. एका वाफ्यात कपाशी. हसू नका! कपाशीच्या जिल्ह्यात शिकून आपल्या होस्टेलमधल्या किती जणांनी बोंडातून सरकी वेगळी करून पाहिली आहे? शेजारी तेलाची झाडं-पिकं, जवस, तीळ, करडई, मोह, करंज. दोराची अंबाडी आणि ताग. पाटी लावायची ती मराठीत, मोठ्या अक्षरात आणि इथल्या बोलीतल्या नावासकट. झाडाखाली म्हातारी बसलेली असेलच, उरलेलं ती सांगेल.

आणि हिंगणीत? आमच्याकडे अजून संग्रहालय नाही. बोरमुळे कधीतरी काहीतरी होईल, असं गावात बोललं जातं. झालं तर त्यात वाघाचे फोटो असतील हे नक्की. माझी मागणी अशी, की वाघाच्या फोटोंआधी फाटकाजवळ कडुनिंब, चिंच आणि मोह लावा, पाण्याचा नळ घ्या, आणि गाड्यांतल्या पाहुण्यांसोबत गावच्या पोरांनाही तिथं फुकट येऊ द्या. जंगलाच्या काठाला राहायचं, डुकरांपासून पीक राखायला रात्र रात्र जागायचं आणि जंगलाची माहिती मात्र तिकीट काढणाऱ्यालाच, हे मला पटत नाही. इमारत नंतर होऊ दे. तोवर झाडांखाली गावची अवजारं मांडता येतील. प्रत्येक घरामागे काही ना काही गंजत पडलंय. ट्रॅक्टर आल्यापासून वखर, डवरा, तिफन, सरता, बंडीची चाकं, सगळं अडगळीत आहे, आणि दर दिवाळीला भंगारवाला येऊन त्यातलं थोडं थोडं घेऊन जातो. वरून टिनाचं छप्पर आणि खाली चौथरा, एवढ्याने ते वाचेल. चौथऱ्याचं आणि छपराचं डिझाइन आमचा सिव्हिलवाला फुकट करून देतो म्हणतो. अवजारांची मापं आणि ड्रॉइंग आम्ही मेकॅनिकलवाले काढू. सबमिशनच्या शीट्सपेक्षा ते नक्की बरं काम होईल.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे आबाजींजवळ बोललो. आमची तिफन सागाची आहे, त्यांच्या वडलांनी करून घेतलेली. ते द्यायला तयार आहेत. फक्त विचारत होते, "तिथं तिच्याजोळ खाट टाकता येईन का? दुपारी मी बसत जाईन."

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)